तुंब्यातले पाणी

ज्या वर्षी कापसाच्या भावाने वऱ्हाडातल्या माणसांस झोप येईनाशी केली, त्या वर्षाच्या चैत्रात ही गोष्ट घडली. कोठे सातासमुद्रांपलीकडे लढाई चालली होती म्हणे, आणि तिच्यामुळे आमच्या काळ्या मातीतल्या बोंडास असा मान आला होता की, ज्वारीची शेतेही मोडून लोकांनी पऱ्हाटी लावली. अमरावतीच्या वाटेवर गाड्यांची रांग तुटत नसे. मजूर मात्र मिळेना. जो उठे तो सडकेच्या कामावर किंवा बाजारातल्या वखारीत जाई. ज्या बायका कधी उंबऱ्याबाहेर राबल्या नव्हत्या, त्यांनीही त्या वर्षी रेच्याच्या दांडीस हात लावला आणि सरकीपासून रूई वेगळी केली.

माझे गाव चांदूरच्या बाजारापासून तीन कोसांवर आहे. मी जातीचा कुणबी. अमरावतीस गाड्या घेऊन गेलो असता तापाने पडलो, तेव्हा तेथील मिशनाच्या लोकांनी मजला सहा आठवडे आपल्या घरी ठेवून वाचविले, आणि पुढे दोन हिवाळे मी तेथेच अक्षरे शिकलो. तिसऱ्या वर्षी मी, माझी बायको मैना आणि आमची एकुलती एक लेक सुभद्रा, अशा तिघांनी बाप्तिस्मा घेतला. गावी परत आलो तेव्हा न्हावी, सुतार, धोबी, सर्वांनी आमचे घर सोडले होते. ते मी सोसले. परंतु पाण्याची गोष्ट निराळी होती.

माझे शेत आणि माझा चुलत भाऊ जानराव याचे शेत यांच्यामध्ये एकच बांध, आणि त्या बांधावर आमच्या आजांनी खणलेली सामाईक विहीर आहे. जानराव मजहून सहा वर्षांनी वडील. लहानपणी आम्ही एकाच ताटात जेवलो. मी ख्रिस्ती झाल्याचे वर्तमान कळताच त्याने माझ्या बाजूच्या पायऱ्यांवर बाभळीच्या काट्या टाकल्या, आणि त्यांवर दगड रचले. तेव्हापासून मैना अर्ध्या कोसावरच्या नाल्यात वाळू उकरून झिऱ्याचे पाणी आणू लागली. त्याच झिऱ्यावर सडकेच्या कामावरचे बैल बसत.

मागल्या भादव्यात सुभद्रेस पटकी झाली. ती सहा वर्षांची होती. दुपारपर्यंत तिचे डोळे खोल गेले. मैना घागर घेऊन सामाईक विहिरीकडे धावली, काट्या हातांनी ओढून तिने वाट केली, पहिली घागर भरून वर आणली, तोच जानराव आला. त्याने तिला स्पर्श केला नाही. हातातल्या बैल हाकावयाच्या तुतारीने त्याने घागर फोडली. मैना रिकाम्या हातांनी आली, तिच्या तळहातांतून रक्त गळत होते. दिवस मावळण्यापूर्वी सुभद्रा गेली. गावच्या जागेत तिला पुरू देईनात, म्हणून मी आपल्याच शेताच्या कोपऱ्यात कुदळीने खड्डा खणला. खांद्यास दुसरा माणूस नव्हता. आणि माझ्या लेकीस खांदा तो काय लागणार, ती माझ्या दोन हातांवरच मावली.

उपदेशक देवीदास हे महिन्यातून एकदा अमरावतीहून पायी येत. त्यांनी सांगितले, "पुंजाराम, आपल्या प्रभूने वैऱ्यांना क्षमा करावयास शिकविले आहे."

मी म्हणालो, "केली."

ते मी खोटे बोललो नाही. माझी समजूत तशी होती. जानराव बांधापलीकडे होता, मी अलीकडे होतो, आणि मी त्याचे काही वाईट करीत नव्हतो. यासच क्षमा म्हणतात असे मजला वाटत होते.

आता त्या चैत्रातले सांगतो.

रूई बाजारास न्यावयाची म्हणजे ती बोऱ्यात भरावी लागते. दोन खांबांवर आडवे लाकूड टाकून त्यास तरटाचा पुरुषभर खोल बोरा तोंड उघडे ठेवून टांगतात. एक माणूस आत उतरतो. दुसरा वरून टोपलीने रूई टाकतो, आणि आतला ती पायांनी तुडवून तुडवून दाबतो. बोरा भरत जातो तसतसा माणूस वर येतो. आत वारा नसतो. रूईची भुकटी नाकातोंडात जाते, तरट उन्हाने तापते. यास्तव त्या कामाचा एक जुना नेम आहे की, वरच्याने प्रत्येक टोपलीआधी "हाय का?" म्हणून हाक द्यावी, आतल्याने "हाय" म्हणावे, आणि मगच टोपली उलटावी. ओ आली नाही तर टोपली टाकावयाची नाही. जानराव आणि मी तरुणपणी असे शेकडो बोरे भरले. मी तुडवीत असे, तो हाक देत असे.

त्या दिवशी जानरावास माणूस मिळाला नव्हता. अखाजीनंतर, म्हणजे अक्षय्य तृतीयेनंतर, पाचव्या दिवशी त्याच्या लेकीचे, पार्वतेचे, लग्न ठरले होते, सोयरे पातूरकडचे मोठे कूळ, आणि त्याआधी कापूस बाजारात पोचवावयाचा म्हणून तो घायकुतीस आला होता. म्हणून तो स्वतः बोऱ्यात उतरला, आणि टोपली टाकावयास त्याची बायको गोदाबाई उलट्या घातलेल्या खाचरावर, म्हणजे लहान बैलगाडीवर, उभी राहिली.

मी बांधाच्या अलीकडे वाळलेल्या पऱ्हाट्या उपटीत होतो. चिमट्यात खोड धरावे, मागे झुकावे, मूळ तुटल्याचा कट् असा आवाज ऐकावा, आणि पुढच्या खोडास जावे. ऊन डोक्यावर आले होते. वर मान केली तेव्हा बोरा हलताना दिसला. आत माणूस तुडवीत असला की टांगलेला बोरा आचके दिल्यासारखा हलतो. गोदाबाई तोंडावर पदर बांधून मुकाट्याने टोपल्या टाकीत होती. ती हाक देत नव्हती. आमच्यात कुळवंताची बायको उघड्या रानात नवऱ्यास हाक मारीत नाही, आणि तिने तर पंचवीस वर्षांत तशी मारली नव्हती. हे काम गड्याचे आहे, या कामाची हाक म्हणजे नवऱ्यास मारलेली हाक नव्हे, हे तिला कोणी सांगितले नव्हते.

मी आणखी आठदहा खोडे उपटली. पुन्हा मान वर केली, तर बोरा स्थिर होता.

गोदाबाई खाली उतरली, ढिगातून टोपली भरली, वर चढली, आणि उलटली. बोरा हलला नाही. ती पुन्हा खाली उतरली.

मी ओरडलो, "वयनी! टाकू नका! थांबा!"

तिने माझ्याकडे पाहिले आणि तोंड फिरविले, कारण मजशी बोलणे तिला मना होते. तिने टोपली उलटली. मी बांधावरून उडी टाकली, काट्यांनी पोटरी फाटली ती मागाहून कळली, आणि कमरेचा विळा काढून बोरा खालपासून वरपर्यंत चिरला. रूई भळभळा बाहेर आली आणि तिच्यासवे जानराव आला. त्याचे तोंड निळे पडले होते. दोन बोटे घालून मी त्याच्या घशातली रूई काढली, तेव्हा बऱ्याच वेळाने त्याने एक श्वास ओढला, फाटका भाता ओढावा तसा. अंग असे भाजत होते की हात ठेववेना.

"पाणी!" मी म्हणालो.

गोदाबाईची घागर कलंडून पडली होती. ती तीच उचलून विहिरीकडे पळाली. माझ्या कमरेस झिऱ्याच्या पाण्याने भरलेला माझा भोपळ्याचा तुंबा होता.

येथून पुढचे मी शक्य तितके खरे लिहितो. जानरावाचे ओठ हलत होते, पाणी मागत होते. मी मान वर केली, तेव्हा गोदाबाई घागर भरून परत येताना मला दिसली. तीस, फार तर चाळीस पावलांवर ती होती. तेवढ्या वेळात माणूस मरत नाही. मी थांबलो असतो तर चालले असते. परंतु माझ्या मनात आले, याच झिऱ्याच्या पाण्याने माझी सुभद्रा गेली. हे पाणी हा पिईल. किरिस्तावाच्या तुंब्यातले पाणी पिईल, आणि जन्मभर पोटात वागवील. हा विचार मजला गोड लागला. मी तुंबा त्याच्या तोंडास लावला. तो घटघटा प्याला. मी त्याचे डोके आपल्या मांडीवर अशा मायेने धरले होते की, पाहणाऱ्यास वाटावे, हा सख्खा भाऊच आहे.

गोदाबाई येऊन उभी राहिली. तिच्या घागरीतले पाणी हिंदकळून तिच्या पायांवर पडत होते. तिने तुंबा पाहिला, मग मजकडे पाहिले, आणि मी ख्रिस्ती झाल्यापासून पहिल्यानेच माझ्याशी बोलली.

"भाऊजी, माया पोरीचं लगन हाय. कोनाले सांगू नका."

"नाही सांगत, वयनी."

परंतु गाडीवाटेवर नत्थुजीची गाडी उभी होती. या नत्थुजीच्या मनात पातूरच्या त्याच घरी आपली भाची द्यावयाची होती, आणि ते फिसकटल्यापासून जानरावाचा उत्कर्ष त्याच्या डोळ्यांत सलत होता. तो उतरला नाही, काय झाले म्हणून पुसलेही नाही. त्याने बैलांस चाबूक दिला आणि तो गावाकडे गेला.

चौथ्या दिवशी कोतवाल मजला बोलावण्यास आला.

मारुतीच्या पारावर जातीचे पंच बसले होते. मध्ये म्हातारे महादेवराव पाटील. मजला पाराखाली, उन्हात, सहा हातांवर उभे केले. जानराव पाराच्या पायरीशी बसला होता, वर नव्हे आणि खालीही नव्हे. त्याच्या ओठांवर अजून फोड होते. देवळाच्या भिंतीआड बाया होत्या, आणि त्यांच्याहून वेगळी, लिंबाच्या बुडाशी माझी मैना उभी होती. समोर जानरावाच्या अंगणात मांडवाच्या मेढी रोवून झाल्या होत्या. उंबऱ्यात पार्वता उभी होती, हातात मांडवास बांधावयाची आंब्याची पाने, ती बांधावी की टाकावी हे तिला कोणी सांगत नव्हते.

पाटील म्हणाले, "नत्थू, बोल."

नत्थुजी उठला. "म्या माया डोयानं पाह्यलं. यानं तुंबा लावला अन् जानरावबाप्पू प्याले. लहान वासरू पिते तसे प्याले."

एकदोघे हसले.

"जानराव, तुयं काय म्हननं हाय?"

जानराव मातीकडे पाहात म्हणाला, "मले सुद नोती. मले काई ठाऊक नाही."

"सुद नसली तरी पोटात गेलं तं गेलं," नत्थुजी म्हणाला. "पोट का इचारून घेते?"

"तू बस." पाटील मजकडे वळले. "काहून रे पुंज्या, किरिस्ताव होऊन आला तवा याच पारासमोर तू सांगत होता, आमी खोटं बोलत नाही म्हनून. तुया धरमात खोटं चालत नाही म्हनून. बोलला होता का नाही?"

"बोललो होतो, पाटीलबावा."

"मंग सांग. थो प्याला का?"

माझ्यावर कधी कोणी असा प्रसंग आणला नव्हता. मी खरे बोलावे अशीच माझ्या धर्माची आज्ञा होती, आणि खरे बोलताच माझा वैरी धुळीस मिळणार होता. जात जाणार, लग्न मोडणार, पार्वतेस पुन्हा कोणी विचारणार नाही. सुभद्रेच्या मरणाचा सूड माझ्या पदरी धुतल्या तांदळासारखा शुभ्र येऊन पडत होता, आणि त्यासाठी मजला एक 'होय' म्हणावयाचे होते. देव व सैतान दोघेही मजकडून तेच एक अक्षर मागत आहेत असे मजला वाटले. मी जानरावाकडे पाहिले. त्याच्या मानेची शीर उडत होती. मांडीवर धरले होते तेव्हाही ती तशीच उडत होती.

"नाही," मी म्हणालो. "डोक्यावर टाकलं पानी. तोंडात नाही."

नत्थुजी उसळला. "खोटं बोलून राह्यला! पाटील, भाऊबंद हाय थो त्याचा!"

"भाऊबंद?" पाटील म्हणाले. "अरे, यायच्यात का भाऊबंदकी राह्यली? पोरीच्या वक्ताले घागर फोडली यानं, सगया गावाले ठाऊक हाय. हा काहून याच्यासाठी खोटं बोलंल?" त्यांनी कोतवालाकडे पाहिले. "पन बरं. बेलभंडार उचलाले सांगावं तं तो याचा देव नाही. कोतवाल, याच्या वावरात जा. पोरीले पुरलं ना कोपऱ्यात, तिथली मूठभर माती घेऊन ये. हातात घेऊन सांग म्हना."

मैनेच्या तोंडून एक आवाज निघाला. शब्द नव्हता.

कोतवाल गेला. कोणी चिलीम भरली. माझ्या पायांखालची माती तापली होती, आणि मी एक पाय उचलून दुसरा ठेवीत होतो, ते पाहून भिंतीआडून कोणी बाई म्हणाली, "नाचून राह्यला पाहा." मी मनात म्हणत होतो, प्रभो, कोतवालास वाट लांब पडो. परंतु तो आला, आणि पळसाच्या पानावरची माती दुरून माझ्या ओंजळीत टाकली. ती वरची माती होती, कोरडी. तीत मुंगीचे एक अंडे होते.

"बोल."

जानरावाने तेव्हा मान वर केली. मी त्याच्या डोळ्यांत पाहिले, आणि मजला तेथे उपकार दिसला नाही. भय दिसले. रानात बिबट्यापुढे माणसाचे होते तसे. तो माझ्या हातात होता, आणि मी काय करीन हे त्यास ठाऊक होते, कारण माझ्या जागी तो असता तर त्याने तेच केले असते.

मी म्हणालो, "माया लेकीची आन. जानरावदादा माया हातचं पानी प्याला नाही."

पार्वता पाने बांधू लागली.

मी घरी आलो तेव्हा मूठ तशीच होती. मैना माझ्या आधी पोचली होती. तिने हात पुढे केला.

"आना थे इकडं."

मी तिच्या ओंजळीत माती सोडली. बोटांच्या सांध्यांत अडकलेली तिने नखाने खरवडून घेतली. मग ती शेताच्या कोपऱ्याकडे गेली, आणि बऱ्याच वेळाने परत आली. त्यापुढे नऊ दिवस ती मजशी बोलली नाही. भाकर वाढी, पाणी आणी, पऱ्हाट्यांचे भारे बांधू लागे. दहाव्या दिवशी जानरावाच्या दारी वाजंत्री सुरू झाली, तेव्हा ती जात्यावर बसली होती, आणि जाते न थांबविता म्हणाली,

"तिच्या आनीवर थ्या पोरीची हयद लागली. माया लेकीले काय लागलं?"



लग्नानंतर देवीदास आले. मी त्यांस सर्व सांगितले, एवढे सांगितले नाही की गोदाबाई मजला दिसत होती.  ते म्हणाले, "खोटी शपथ वाहिलीस, पुंजाराम. मी मंडळीस कळविले पाहिजे. काही काळ तुला प्रभुभोजनास बसता येणार नाही."

"मग खरे सांगून मी त्याच्यावर प्रीती कशी करायची होती, मास्तर?"

ते भले गृहस्थ होते. त्यांनी उगाच उत्तर जुळविले नाही. "ते मला ठाऊक नाही," ते म्हणाले. "परंतु खोटे ते खोटेच. तू आपल्या वैऱ्याला क्षमा केलीस, एवढे मात्र खरे."

तेव्हा माझ्याच्याने राहवेना. मी म्हणालो, "मास्तर, ती तीस पावलांवर होती." आणि तुंबा लावताना मनात काय आले होते, तेही सांगितले.

देवीदास उठले, त्यांनी आपली पिशवी खांद्यास लावली, आणि उंबऱ्यात उभे राहून म्हणाले, "मग क्षमा तुला द्यायची नाही. मागायची आहे."

दोन दिवस मी हे वाक्य घेऊन पऱ्हाट्या पेटविल्या, ढेकळे फोडली. तिसऱ्या दिवशी सकाळी जानराव एकटाच विहिरीवर काट्या रचताना दिसला. उन्हाने जुन्या काट्या मोडल्या होत्या, तो कुऱ्हाडीने नव्या छाटून घालीत होता. तो वाळला होता. गालांची हाडे वर आली होती. मी बांधाच्या अलीकडे उभा राहिलो.

"दादा."

"काय पायजे?" त्याने वर पाहिले नाही. "उपकार मोजाले आला?"

"नाही. माफी मांगाले आलो."

कुऱ्हाड थांबली.

"थ्या दिवशी वयनी पानी घेऊन येऊन राह्यली होती. मले दिसत होती. म्या थांबू शकलो असतो. तुले बाटवावं म्हनूनच म्या तुंबा लावला. मले माफ कर."

जानराव खाली बसला. तो म्हणाला, "भाकर तोंडात जाते, खाली उतरत नाही. गोमूत्र घ्यावं, न्हावं, धुवून टाकावं, तं लोक इचारतीन, काहून घेतलं? पोरगी सासरी हाय माई. माया हातानं पंगत जेवली सारी जात. म्या बाटला, अन् म्या सगयाइले बाटवलं. हे कोनाले सांगू? तुनं मले बोऱ्यातून काढलं, अन् पारावरूनबी काढलं. दोन्ही खेपेस मेलो असतो तं बरं झालं असतं."

"माफ कर, दादा."

"काय माफ करू? मायेबी डोये उघडे होते, पुंज्या." त्याने आता मजकडे पाहिले. "थे येऊन राह्यली होती, मलेबी दिसत होतं. तुंबा कोनाचा हाय तेबी दिसत होतं. तोंड तं मायं होतं ना? मिटता येत होतं. पन मले तहान होती." त्याने हाताने मातीवर काही ओढले आणि पुसले. "तहान अशी असते, हे मले ठाऊक नोतं. थ्या वक्ताले सुभद्री… थे घागर म्या…"

तो पुढे बोलणार होता. त्याचा जबडा हलत होता. तेवढ्यात गाडीवाटेवर घुंगरे वाजली. नत्थुजीची गाडी वळणावर आली होती, आणि तो उभा राहून आमच्याकडे पाहात होता.

जानराव ताडकन उठला. त्याने काट्याची मोठी फांदी उचलून माझ्या बाजूच्या पायरीवर अशी आपटली की काटे उडून माझ्या धोतरास लागले. "हट, किरिस्तावा!" तो ओरडला. "बांधाले पाय लावू नोको! इहिरीजवय दिसला तं तंगडी तोडीन!"

मी मागे सरलो. गाडी जाईपर्यंत तो ओरडत राहिला. गाडी गेल्यावरही तो थोडा वेळ ओरडला, कारण आवाज बहुधा त्यास थांबविता येत नव्हता. मग फांदीवर दगड ठेवून, मजकडे न पाहता, हलक्या आवाजात म्हणाला, "काट्या नाही काढता येत, पुंज्या. काढल्या तं लोक म्हनतीन, पाजलं म्हनून काढल्या." आणि कुऱ्हाड खांद्यावर टाकून गेला.

मी घरी आलो. मैना नाल्यावरून आली होती, तिची मान घागरीच्या भाराने अजून ताठ होती. तिने बांधावरचे ओरडणे ऐकले होते.

"काय म्हने थो?" तिने विचारले.

मी सर्व सांगितले. तीस पावलांचे तिला प्रथमच कळले. तिने फक्त विचारले, "घागर फोडली, थे बोलला?"

"बोलाले लागला होता."

"बोलला का?"

"नाही."

तिने चुलीपुढे पीठ घेतले. दिवस बुडत होता. आमच्या घरी नेम असा की, पहिली भाकर तव्यावर पडली की मी प्रार्थना करावी, आणि शेवटी आम्ही दोघांनी मिळून आमेन म्हणावे. त्या सायंकाळी मी डोळे मिटून, उपजीविकेबद्दल आभार मानून, पहिल्यानेच जानरावाचे नाव घेतले. त्याच्या घशाखाली अन्न उतरू दे, असे मागितले. मग मी आमेन म्हणालो आणि थांबलो.

मैना बोलली नाही. मी डोळे उघडले नाहीत. भाकर करपल्याचा वास येऊ लागला. तिच्या बांगड्या वाजल्या नाहीत, ती तवा उतरीत नव्हती, भाकर उलथीत नव्हती. ती तशीच बसली होती, आणि मी तसाच बसलो होतो. घरात धूर भरला.

अखेरीस ती म्हणाली, "मायाकडून आज होत नाही." आणि करपलेली भाकर स्वतःच्या ताटात घेऊन तिने माझ्यासाठी दुसरी थापावयास घेतली.